हाफिजच्या दाराशी

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आधीच लिहून ठेवतो: आज माझ्या हातून एक वेडेपणा झालाय आणि तो कितपत महागात पडेल ते मला माहीत नाही.

गवई सोतवल्दी हाफिज पहाटे गेले. सकाळी संपादकांचा, बोतिर-अकांचा फोन. "कुदरतजोन, चार ओळी लिहून दे. चारच. आणि त्या जुन्या भानगडीचा 'भ'सुद्धा नको." मी कुठेच नोकरीला नाही. आज मशिदीच्या घुमटावर, उद्या बाहुलीनाट्यावर, परवा कालव्याच्या सभेवर, जे मिळेल त्यावर लिहितो, आणि त्यातलं निम्मं बोतिर-अका छापतात. त्यांचा शब्द मी खाली पडू देत नाही. वही घेतली आणि गेलो.

जुनी भानगड सगळ्या मर्गिलानला ठाऊक आहे. दहा-अकरा वर्षांपूर्वी कापसाच्या उत्सवात, सरकारी पाहुणे समोर बसलेले असताना, हाफिजनी नेमून दिलेलं गाणं बाजूला ठेवलं. आवाज फेकायला तोंडाशी बशी धरली, एक हात कानामागे नेला आणि गुरूकडून शिकलेली अल्लाची आळवणी गायली. वाद्य नाही, काही नाही. त्यानंतर रेडिओ बंद, मंच बंद. मुलगा झोइर संगीतशाळेत शिकवायचा, त्याचीही नोकरी गेली. बापाशी अबोला धरून तो रशियात गेला तो गेलाच; मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

गल्लीत पोहोचलो तर दाराशी कोणी नाही. घरचे पुरुष लांब चोपान घालून, कमरेला रुमाल बांधून, काठी टेकून दाराशी उभे असायला हवेत, येणाऱ्यासमोर "अरे माझ्या बाबा" म्हणून हंबरडा फोडायला हवा. दोन पुतणे होते, पण ते आत कामात होते म्हणे. एवढं काय काम होतं देव जाणे. इनोयत अम्मा, हाफिजची बायको, घडी घातलेला रुमाल हातात घेऊन बाहेर आली. ओरडली नाही, रडली नाही. मला म्हणाली, "पोरा, दार रिकामं आहे रे."

आणि मी उभा राहिलो. तिनंच माझ्या कमरेला गाठ मारली. पहिली माणसं वळणावर दिसली आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे माझ्या बाबा!" खरंच रडलो. थोड्या वेळानं लाजेकाजेनं पुतणेही बाहेर आले.

समोरच्या छतावरून कोणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. ते मला नंतर दिसलं.

१५ ऑक्टोबर

नफोसतनं कोट झटकता झटकता विचारलं, "अहो, तुम्हाला काल दुसरे वडील मिळाले म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"सगळा बाजार म्हणतोय. मामंजींच्या वेळी तरी एवढे कुठे रडला होतात!"

"म्हातारी एकटी होती गं."

"मग चांगलंच केलंत की. घाबरताय कशाला?"

"कोण घाबरतंय?"

"मग कडी सारखी का तपासताय?"

बायको माझी गुणाची आहे, पण तिला कशाचं गांभीर्य नाही. रुमाल बांधून दाराशी उभा राहतो तो घरचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी चारचौघांत त्या माणसाला बाप म्हटलंय. उद्या कोणी विचारलं, तुझं त्यांच्याशी नातं काय, तर काय सांगू?

तीन दिवस उभं राहायचं असतं. आज गेलो नाही. पडसं झालंय असं कळवलं. पडसं झालेलं नाही. चार ओळी पाठवल्या, त्यातली एक बोतिर-अकांनी कापली.

१७ ऑक्टोबर

गल्लीच्या तोंडाशी, चिनाराखाली, पांढरी नेक्सिया गाडी उभी आहे. नंबर ताश्कंदचा. आत एक माणूस, जाड विटका कोट घातलेला. उतरत नाही, पेपर वाचत नाही, फोनवर बोलत नाही. मी नान आणायला गेलो तेव्हा माझ्याकडे बघत होता. परत आलो तेव्हाही.

सरकारी माणूस, दुसरं कोण? घरी येऊन पहिलं काम केलं ते रेकॉर्डर काढायचं. उन्हाळ्यात मी हाफिजकडे बऱ्याच वेळा बसलो होतो. गाण्यावर मोठा लेख करायचा होता, कोणी छापणार नव्हतं तरी. त्यात उत्सवातली ती हकिगत आहे, आणि तीही त्यांच्या तोंडून. कोणी ऐकलं तर मी मेलोच.

सगळं पुसून टाकलं.

पुसल्यावर आठवलं की त्यातच झोइरसाठी सांगितलेली गोष्ट होती. ती सांगताना म्हातारा म्हणाला होता, "माझ्या तोंडून तो मानणार नाही. त्याच्या आईला तर मी हे सांगितलेलंच नाही. तू परका आहेस, लिहिणारा आहेस, तुझ्या तोंडून मानेल. भेटला तर सांग." मी हो म्हटलं होतं. गोष्ट काय होती ते इथेही लिहीत नाही. वही कोणाच्याही हाती लागू शकते. डोक्यात आहे, तेवढं पुरे.

आवाज मात्र गेला. इतकं जवळून रेकॉर्ड केलेला तो गळा आता कुठेच नाही. हे नफोसतला सांगितलेलं नाही.

२० ऑक्टोबर

बाहुलीनाट्याच्या नव्या खेळावर लिहायचं होतं. गेलो, बसलो, सगळी मुलं हसत होती आणि मी मागच्या दाराकडे बघत होतो. काय खेळ झाला ते बरोबरच्या बाईंना विचारून लिहिलं. गाढव होतं म्हणे त्यात.

घरी आलो तर मोहल्ल्याचे प्रमुख, रईस, बैठकीत बसलेले. 

"कुदरतजोन," रईस म्हणाले, "हाफिजकडे तू उभा होतास."

"होतो. म्हणजे, जरा वेळ."

"का उभा होतास ते विचारत नाही."

"विचारा की. लपवण्यासारखं काही नाही."

"विसाव्या दिवसाच्या पुलावाला किती माणसं धरायची तेवढं सांग. कढई मोहल्ल्याची आहे, आधी सांगावं लागतं."

मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी काही घरचा नाही. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, चहा संपवला आणि गेले. पुलावाचं निमित्त करून माझ्याच तोंडून नातं कबूल करून घ्यायचा डाव होता, मला कळत नाही का? नफोसत म्हणते, "डाव कसला आलाय, गाजरं किती चिरायची हा प्रश्न आहे."

२३ ऑक्टोबर

जुन्या मशिदीच्या निळ्या फरश्यांवरचा माझा लेख थांबवला. बोतिर-अका म्हणाले, "अरे, विशेषांक आहे, जाहिराती आल्यात. पुढच्या आठवड्यात बघू." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. आवाज नेहमीसारखा ठेवायला माणसाला किती कष्ट पडतात ते मला माहीत आहे.

गाडीवाला आज उतरला. तो हाफिजच्या गल्लीत शिरला आणि मी काय केलं कोण जाणे, त्याच्या मागे गेलो. चोरानं शिपायाचा पाठलाग करावा तसं. दाराजवळ जाऊन तो थांबला. आत गेला नाही, कडी वाजवली नाही. भिंतीवर हात टेकवून उभा राहिला. बाजूच्या दुकानदाराला विचारत होता, "इथलं तुतीचं झाड कधी तोडलं?"

झाडसुद्धा नोंदवून ठेवलंय त्यांच्याकडे! मी तिथून पळालो.

२४ ऑक्टोबर

अम्मानं शेजारणीकडून निरोप पाठवला: पडसं बरं झालं का? ये की. तिनं साखर घालून काढा पाठवला होता. प्यायलो.

२६ ऑक्टोबर, रविवार



रेशमाच्या मागावरच्या एका कारागिराची मुलाखत होती, म्हणून चायखान्यात वाट बघत बसलो होतो. तो आला नाही. गाडीवाला आला.

"बसू का, अका?"

बसला. हाताला भेगा, नखांत सिमेंट मुरलेलं. नवल वाटलं, पण या लोकांना सगळी सोंगं घ्यावी लागतात. बोलताना मध्येच रशियन शब्द. त्यानं सुरुवात केली, "मी..." आणि मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

"माहीत आहे तुम्ही कोण ते," मी म्हटलं. एकदा ओळखपत्र समोर आलं की परतीची वाट नसते, एवढं मला कळतं.

"माहीत आहे?"

"इतके दिवस गाडी बघतोय. दूधखुळा नाही मी."

त्यानं मान खाली घातली. "मग बरं झालं. सुरुवात कशी करावी तेच कळत नव्हतं. दाराशी तुम्ही उभे होता ना?"

गप्प बसायला हवं होतं. तरी बोललो. मला वाटतं फार बोललो. म्हटलं, मी वर्तमानपत्राकडून गेलो होतो. म्हातारीनं रुमाल बांधला, सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? रडलो ते रीत म्हणून. माझा त्या माणसाशी काही संबंध नाही. हेकट म्हातारा होता. स्वतःच्या हट्टापायी घर बुडवलं त्यानं.

तो एक हात कानामागे धरून ऐकत होता. ऐकायचं पक्कं शिक्षण असतं यांना. गर्दीत एक शब्द सुटत नाही.

मग हळूच म्हणाला, "मुलाचं नाव निघायचं का त्यांच्या तोंडी?"

इथे मात्र माझं डोकं चाललं. म्हटलं, हा आता रशियातल्या झोइरवर घसरणार. बापाचा निरोप मुलासाठी आहे असं कळलं, की यांच्या लेखी दोघं एकाच माळेचे मणी. पोराला सोडवायला हवं.

"एकदाही नाही," मी ठासून सांगितलं. "मुलगा मेल्यात जमा होता त्यांच्या लेखी."

तो पियाल्याकडे बघत राहिला. "शेवटी आजारी असतानासुद्धा?"

"तेव्हाही नाही."

"बरं केलंत स्पष्ट सांगितलंत." नानचे तुकडे त्यानं गोळा करून दस्तरखानाच्या मधोमध ठेवले, तोंडातल्या तोंडात फातिहा म्हटला, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि उठला. जाताना मला सलाम केला. हात छातीवर ठेवून.

२७ ऑक्टोबर

गाडी नाही! सकाळी नाही, दुपारी नाही. चिनाराखाली नुसती पानं.

जीव भांड्यात पडला. नफोसतला सगळं सांगितलं, फक्त रेकॉर्डिंगचं सोडून. तिनं भांडी विसळायची थांबवली. "अहो, तो माणूस सरकारी होता हे कशावरून?"

"मग कोण होता?"

"मला काय माहीत. तुम्ही त्याला बोलू दिलंत कुठे?"

हिला समजावणं अवघड आहे. मी स्वतः वाचलो आणि हाफिजच्या मुलालाही वाचवलं. म्हाताऱ्याला दिलेला शब्द तूर्त पाळता आला नाही, पण त्याच्या पोराचं भलं तर केलं.

३० ऑक्टोबर

फरश्यांचा लेख आला. पूर्ण, एक ओळही न कापता. वर माझं नाव. विशेषांकात खरंच जाहिराती होत्या.

मग हे सगळे दिवस मी कशाला भ्यालो, असा एक विचार आला. तो तिथेच सोडून दिला.

२ नोव्हेंबर, रविवार

हाफिजचा विसावा दिवस. गाडी नाही म्हटल्यावर मला जायचं धैर्य आलं होतं. पुलाव झाला, माणसं गेली, अम्मानं मला थांबवून घेतलं.

"झोइरचा फोन आला होता," ती म्हणाली. "आला होता रे तो. इथे, मर्गिलानमध्ये. आणि मला न भेटता परत गेला."

मी विचारलं, कधी?

"बाप गेल्याचं कळल्यावर निघाला, मातीला पोहोचला नाही. ताश्कंदहून मित्राची गाडी घेऊन आला, पांढरी. लाज वाटली म्हणतो. आपल्या जागी दुसरा उभा होता हे ऐकलं, म्हणून आधी त्यालाच भेटावं म्हटलं. बाप काय म्हणत होता ते कळलं की मग कोणत्या तोंडानं घरात यायचं ते ठरवू. आणि म्हणतो, कळलं, आई. आता येत नाही."

मी पियाला खाली ठेवला. 

"कोणाला भेटला ते सांगत नाही. पोरा, माझ्याशी ते त्याच्याबद्दल कधी बोलले नाहीत, हे खरं आहे. मी नाव काढलं की भिंतीकडे वळायचे. पण तुझ्याशी?"

"बोलले," मी म्हटलं. "येईन तेव्हा बोलायचे."

तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "मग तूच सांग त्याला. मी सांगितलं तर आईची माया म्हणेल. तू परका, तुझं मानेल." आणि तिनं तिथल्या तिथे फोन लावून माझ्या हातात दिला.

"झोइरजोन, मी कुदरत बोलतोय."

 मग, "ओळखला आवाज."

"त्या दिवशी मी खोटं बोललो. मला वाटलं तुम्ही वेगळेच कोणी आहात."

"तुम्ही तर म्हणालात, माहीत आहे."

"भ्यालो होतो हो. वडील तुमच्याबद्दल बोलायचे. दर वेळी बोलायचे."

"आई शेजारी बसलीय ना?"

"हो, पण..."

"कळलं. बरं वाटू दे तिला. चांगले आहात तुम्ही, अका." फोन बंद.

अम्मा माझ्या तोंडाकडे बघत होती. मग मी तिला सगळं सांगितलं. चायखाना, मेल्यात जमा हे शब्द, पुसलेलं रेकॉर्डिंग, सगळं. ती ऐकत असताना मला जी भीती वाटली ती इतक्या दिवसांत एकदाही वाटली नव्हती.

"म्हणजे माझ्या दाराशी तू उभा राहिलास," ती म्हणाली, "आणि माझ्याच पोराला तू दारातून परत पाठवलंस." तिनं माझ्या पुढ्यातली चहाची किटली उचलून आत नेली. मी बसून राहिलो. जा म्हणाली असती तर बरं झालं असतं.

बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. "उद्या ये. परवा ये. तो उचलेपर्यंत रोज येऊन लाव."

४ नोव्हेंबर

काल उचलला नाही. आज उचलला नाही. मी लावतो, अम्मा शेजारी बसते. चहा देत नाही.

रात्रंदिवस एकच धास्ती: म्हातारा जे बोलला ते मी जसंच्या तसं सांगू शकेन का? लिहिलं नाही, आवाज पुसला. आता सगळा भार माझ्या डोक्यावर आणि ते डोकं किती भरवशाचं आहे ते मी या महिन्यात पाहिलंय. नफोसतला सगळं सांगितलं. या वेळी तिनं चेष्टा केली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

उचलला. "बोला," एवढंच म्हणाला. मागे कुठेतरी सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत होतं.

 एक शब्द इकडचा तिकडे झाला की संपलं. प्रस्तावना केली नाही, माफी मागितली नाही, म्हातारा बोलला तसं बोलत गेलो.

"ते म्हणाले, तो निघाला त्या सकाळी त्याची आई बाजारात गेली होती. मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तो दारात आला. बॅग खाली ठेवली. मग उचलली. मग पुन्हा खाली ठेवली. मी जागा होतो. वळलो असतो तर तो राहिला असता, आणि राहिला असता तर माझ्याबरोबर उपाशी मेला असता. इथे माझ्या पोराला कोण काम देणार होतं? म्हणून मी घोरायला लागलो. उभा जन्म गळा कमावला, आणि त्याचं शेवटी काय केलं, तर पोरासमोर घोरायचं सोंग. चांगलं वठलं असणार, कारण तो गेला. त्याला वाटत असेल, बापाला झोप लागली होती. त्याला सांग, त्या दिवसापासून नीट झोप नाही."

अम्मानं तोंडावर डोक्यावरच्या रुमालाचं टोक धरलं होतं. तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती.

 पलीकडे यंत्राचा आवाज बंद झाला. कोणीतरी त्याला हाक मारली, त्यानं उत्तर दिलं नाही.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. एवढंच होतं."

"पुन्हा सांगा."

"कुठून?"

"बॅग खाली ठेवली तिथून."

मी पुन्हा सांगितलं.